बोटुकल्या उपाशी पाठवाव्या लागतात

पहिली पिशवी पांढरी पडली तेव्हा आमची मेटाडोर नाल्यावरच्या रपट्यापासून, म्हणजे ठेंगण्या पुलापासून, वीस पावलांवर उभी होती आणि रपट्यावरून मांडीभर पाणी वाहत होतं. गाडीत तीस डबे होते. प्रत्येक डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत पाणी आणि पाण्यात बोटाएवढ्या मासोळ्या. त्यांना बोटुकल्या म्हणतात. आधी पिशवीतलं पाणी ताकाच्या निवळीसारखं झालं. मग बोटुकल्या उलटायला लागल्या. मासोळी उलटली की पोट दिसतं आणि पोट पांढरं असतं. एक दिसली, चार दिसल्या, मग सगळी पिशवीच पांढरी झाली.

आमचे दुबेसाहेब गाडीत चढले. पिशवी उन्हाकडे धरून त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, इनका पेट खाली था ना?"

"होतं, साहेब," मी म्हणाले.

ते खोटं होतं. माझ्या शेजारी कौसल्यामाय बसली होती. ते खोटं आहे हे तिलाही माहीत होतं.

रपट्यापलीकडे, पांढुर्ण्याजवळच्या एका तलावावर, कौसल्यामायची माणसं या गाडीची वाट पाहत होती. ढिवरांची, म्हणजे मासोळी धरून पोट भरणाऱ्यांची, पंचवीस घरं. दुसऱ्या दिवशी सकाळी तलाव तपासायला अधिकारी येणार होते. जाळ्यात बोटुकल्या दिसल्या तर तलाव ढिवरांकडे राहणार, नाही तर बाहेरच्या ठेकेदाराकडे जाणार. पावसाळा सरत आला होता. त्या सालचं हे आमचं शेवटचं बीज होतं. दुसरी गाडी भरायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

हे ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतलं आहे. सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बागांच्या मागे, मासोळीचं बी तयार करायचं एक केंद्र होतं. मी तिथे दुबेसाहेबांच्या हाताखाली रोजीवर कामाला होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा वारला, दिराने कपाशीचं वावर स्वतःकडे ठेवलं, मी कामाला लागले. त्यात सांगण्यासारखं एवढंच.

लोक विचारायचे, बाई, तू काम काय करते? मी सांगायची, मासोळ्यांची लेकरं वाढवते. लोक हसायचे. मासोळी काय गाय आहे, तिला गोठा लागतो? लागतो. नदीत आणि तलावात मासोळी आपोआप होते असं लोकांना वाटतं. बारीक जाळ्याने पिल्लंसुद्धा काढून नेली, किंवा एखाद्या उन्हाळ्यात तळ उघडा पडला, की ती आपोआप परत येत नाही. मग तिची लेकरं दुसरीकडे वाढवून आणून सोडावी लागतात. हेच आमचं काम.

कतला, रोहू आणि मृगल या आमच्याकडच्या तीन जाती. साचलेल्या पाण्यात त्या अंडी देत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. आम्ही पूर कुठून आणणार? म्हणून पावसाळ्यात त्यांना सुई देतात. दुसऱ्या माशाच्या डोक्यातली डाळीएवढी गाठ काढायची, वाटायची, गाळायची आणि ते पाणी मादीच्या शेपटीजवळ टोचायचं. मग तिला पूर आल्यासारखं वाटतं. बाहेर आभाळ कोरडं असलं तरी ती पुरात असल्यासारखी धडपडते आणि सकाळी कापडावर साबुदाण्यासारखी अंडी पडलेली असतात. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विश्वास ठेवला नव्हता. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंड्यांतून जे निघतं त्याला जिरं म्हणतात. जिऱ्याएवढंच असतं. अंग दिसतच नाही, नुसते डोळे दिसतात. वाटीभर पाण्यात काळे ठिपके जोडीजोडीने फिरत असतात आणि बाकी सगळं पाणी. त्या वाटीकडे पाहता पाहता आपण कुठे उभे आहोत ते विसरायला होतं. मी बऱ्याचदा विसरले आहे. कोणी हाक मारली की पायाखालची जमीन परत यायची.

जिरं लहान तळ्यात सोडायचं. त्याआधी तळ्यातले पाणकिडे मारायचे, नाही तर ते एका दुपारी सगळं जिरं खाऊन टाकतात. किडे मारायचं औषध म्हणजे धुण्याचा साबण आणि तेल. दोन्ही घोटून पाण्यावर पसरायचं. किडा श्वास घ्यायला वर येतो, त्याला तेलाखाली हवा मिळत नाही, मरतो. दुपारच्या उन्हात त्या तेलावर मोराच्या पिसासारखे रंग पसरायचे आणि त्या रंगांवर मेलेले किडे तरंगायचे. दिसायला छान दिसायचं. नंतर जाळीने काढून फेकायचे. तेल विरून गेलं, पाणी निवळलं, की मग जिरं सोडायचं. पुढे रोज शेंगदाण्याची ढेप आणि तांदळाचा कोंडा.

गिऱ्हाइकं नाना प्रकारची यायची. लोधीखेड्याच्या एका दुकानदाराने घरच्या विहिरीत पन्नास बोटुकल्या सोडल्या आणि दर महिन्याला येऊन तक्रार करायचा, "त्या वर येऊनच नाही राहिल्या." मी विचारलं, "तुमी त्याईले हाक कोनत्या नावानं मारता?" त्यानंतर तो आला नाही. एक मास्तर आले होते. आम्ही बीज मापाने द्यायचो. एक वाटी मोजायची, बाकी त्याच वाटीने भरायच्या. मास्तर म्हणाले, मोजूनच द्या, एकेक. उन्हात बसून ते मोजत राहिले. मोजून होईपर्यंत अर्ध्या मेल्या. मास्तरांनी मेलेल्याही मोजल्या.

पण या कामातला खरा अवघड नियम एकच आहे आणि तो सांगितला की बाया मला शिव्या द्यायच्या. बोटुकल्या प्रवासाला उपाशी पाठवाव्या लागतात. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना तळ्यातून काढून हाप्यात ठेवायचं. हापा म्हणजे मच्छरदाणीसारखी कापडाची पेटी, चार बांबूंना बांधून पाण्यात टांगलेली. त्यात त्या दाटीत राहतात. वरून पाणी उडवायचं, घाबरवायचं, म्हणजे पोट साफ होतं. दिवस-रात्र खायला काही द्यायचं नाही. कारण बंद पिशवीत तिने घाण केली की ते पाणी सडतं आणि सडलेल्या पाण्यात वरून कितीही हवा भरा, मासोळी जगत नाही. उपाशी बोटुकली दूरवर जाते. पोट भरलेलीला श्वासही जास्त लागतो, ती रस्त्यात सगळ्यांआधी मरते.

कौसल्यामाय आदल्या दिवशीच आली होती. ढिवरांच्या समितीची ती अध्यक्ष नव्हती, अध्यक्ष तिचा पुतण्या होता. पण बोलायची ती. साठी ओलांडलेली, हात वल्ह्यासारखे. त्यांच्या तलावात आधीच्या ठेकेदाराने बारीक जाळं फिरवून पिल्लूसुद्धा ठेवलं नव्हतं आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत आटला. दोन वर्षं ढिवरांची माणसं कापसाच्या जिनिंगमध्ये आणि संत्र्याच्या पेट्या भरायला जात होती. जाळी घरात टांगलेली. आता तलाव भरला होता आणि समितीने तो मागून घेतला होता, पण बी सोडायच्या अटीवर.

हाप्याजवळ बसून ती माझ्याशी बोलत होती.

"आज काय खाऊ घातलं त्याईले?"

"काई नाई. उपाशी हायेत."

"काहून वं?"

मी नियम सांगितला. तिने सगळा ऐकला. मग म्हणाली, "लेकीले सासरी धाडतानी कोनी उपाशी धाडते काय?"

"लेक पिशवीत बांधून धाडत नाई आपन," मी म्हणाले.

ती हसली. मला वाटलं, तिला समजलं.

सकाळी पिशव्या भरायच्या होत्या. मी हवेच्या सिलिंडरजवळ होते. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा भरायची आणि तोंड सुतळीने आवळायचं. पहिली पिशवी भरण्याआधी सुतळी घ्यायला मी हाप्याकडे आले, तर कौसल्यामाय गुडघाभर पाण्यात उभी होती. पदराची गाठ सोडलेली. त्यातून ती मलिदा काढत होती, पोळी कुस्करून गूळ-तूप घातलेला, घरून बांधून आणलेला. बोटांनी चुरायची आणि हाप्यात टाकायची. वरचं पाणी उकळल्यासारखं नाचत होतं. कोवळं ऊन होतं. हजारो तोंडं एकदम वर येत होती आणि पाण्यावर जणू कोणी चांदीचं कापड झटकत होतं.

मी तिथे किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही. थोडाच वेळ असेल. पण एक ओंजळ मलिदा संपायला थोडाच वेळ लागतो.

"अवं माय, काय करून राहिली तू?"

"एक-एक घास वं," ती म्हणाली. "कोनाच्या वाट्याले आला, कोनाच्या नाई. एवढ्यानं काई होत नाई."

दुबेसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी बोटुकल्या आणखी एक दिवस हाप्यात ठेवल्या असत्या. गाडी आजच्यापुरतीच मिळाली होती आणि तपासणी उद्या होती. एक दिवस गेला की तलाव गेला. शिवाय आमच्या केंद्रापासून तलाव दोन तासांवर. मीही मनात तेच म्हटलं, एवढ्याने काही होत नाही. सुतळी घेतली आणि गेले. लोकांच्या तोंडावर बोलते म्हणून मी बदनाम होते. त्या दिवशी बोलायचं होतं तेव्हा बोलले नाही.

वर डोंगराकडे पाऊस पडलेला होता, आमच्याकडे ऊन. म्हणून रपट्यापर्यंत पोचल्यावरच पाणी दिसलं. गाडी चालवायला गुलाबभाऊ होता. तो खाली उतरला, एक काठी पाण्यात उभी केली, ती वाहून गेली.

"मी गाडी नाई टाकत, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या मासोळ्याईले पोहता येते, मले नाई."

आम्ही थांबलो. ऊन वर चढलं. पिशव्यांवर ओली पोती टाकली. तासभर झाला, दुसरा झाला. मग ती पहिली पिशवी.

आता मी सुरुवातीला सांगितलं तिथे आपण आलो. साहेबांनी विचारलं, मी खोटं सांगितलं आणि तोवर दुसरी पिशवी पांढरी पडली होती.

पाणी बदलल्याशिवाय काही जगणार नव्हतं. नाल्याचं पाणी चहासारखं गढूळ. ती माती मासोळीच्या कल्ल्यांत बसते, श्वास कोंडतो. साहेब नाल्याकडे बघायचे, पिशव्यांकडे बघायचे. रस्त्याच्या उजव्या हाताला संत्र्याची बाग होती आणि झाडांमधून विहिरीवरचं इंजिनघर दिसत होतं. मी गाडीतून उतरले आणि काट्याचं फाटक उघडून सरळ आत गेले. साहेब मागून आले, कौसल्यामायही आली.

बागेचा मालक वामनराव म्हणून एक म्हातारा होता. विहिरीजवळ सिमेंटचा मोठा हौद, हौदातून झाडांकडे सिमेंटचाच पाट. हौदाच्या काठावर बसून तो पाय धूत होता. बागेत सहा बाया निंदत होत्या, त्याही उठून पाहायला लागल्या.

"पाटील, हौद द्या तुमचा. दिवस कलेपर्यंत."

"काहाले?"

"मासोळ्या ठेवाले."

त्याने गळ्यातली तुळशीची माळ दोन बोटांत धरून मला दाखवली. "हे दिसून नाई राहिली काय? या हौदाचं पानी मी देवाले नेतो."

"खाले नाई आनल्या. जगवाले आनल्या."

"अन जगल्यावर?"

"जगल्यावर मोठ्या होतीन. मोठ्या झाल्यावर हे लोक पकडतीन, खातीन अन इकतीन. तुमी खात नसान तं नका खाऊ."

साहेबांनी कपाळाला हात लावला. वामनराव माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खोटं तं बोलून नाई राहिली तू." आणि उठला. "इंजन लावतो. पन जातानी हौद घासून द्यान."

त्याचं ते वाक्य मला लागलं. मी तिथेच साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "साहेब, पोट खाली नव्हतं. सकाळी खाल्लं त्याईनं. मी पाह्यलं आन तुमाले सांगतलं नाई."

"म्या खाऊ घातलं," कौसल्यामाय म्हणाली. "ओंजळभर मलिदा. हिचा काई दोष नाई."

"मलीदा," साहेब म्हणाले.

"तूप बी होतं त्यात," ती म्हणाली. तिला वाटत होतं सगळं सांगितलेलं बरं.

साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, "सुबह बता देतीं, बाई. तपासणी वालों से मैं दो दिन माँग लेता."

दोन दिवस मागता येतात हे मला सुचलंच नव्हतं. आजही त्या दिवसाची आठवण आली की मला मेलेल्या बोटुकल्या आधी दिसत नाहीत, साहेबांचं ते वाक्य आधी ऐकू येतं.

इंजिन लागलं. विहिरीचं पाणी जाड धारेने हौदात पडायला लागलं. विहिरीच्या पाण्यात हवा कमी असते, पण उंचावरून पडलं की हवा घेऊन पडतं. मी वामनरावाला विचारलं, "झाडांवर औषध फवारता ते याच हौदात कालवता काय?"

"त्याचा डरम अलग हाये."

तरी मी बादलीभर पाणी घेतलं आणि त्यात पाच बोटुकल्या सोडल्या. गाडीतून गुलाबभाऊ ओरडत होता, "बाई, अजून एक पांढरी झाली!" मी बादलीजवळून हलले नाही. चुकीचं पाणी असतं तर सगळ्याच गेल्या असत्या. पाचपैकी एक मेलेलीच होती. चार थोडा वेळ तिरप्या राहिल्या, मग सरळ झाल्या आणि बादलीच्या कडेकडेने फिरायला लागल्या.

"आना," मी म्हणाले.

निंदणाऱ्या बायांनीच डबे वाहिले. कोणी सांगितलं नव्हतं. पिशवी हौदात तशीच ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं थंड होऊ द्यायचं, मग तोंड सोडायचं. घाईत बोटुकली एकदम थंड पाण्यात ओतली तर तीही मरते. पांढऱ्या पडलेल्या पिशव्या बाजूला ठेवल्या. हौद भरून पाणी पाटात वाहायला लागलं आणि त्याबरोबर बोटुकल्याही पाटात उतरल्या. मी आणि कौसल्यामायने पाटाच्या दुसऱ्या टोकाला जुनं लुगडं आडवं बांधलं.

नंतरची दुपार मला सलग आठवत नाही. तुकडे आठवतात. इंजिनाचा एकसारखा ठोका. पाटाच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं, त्यांवर हिरवी फळं आणि खाली ढोपरभर पाण्यात हजारो बोटुकल्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. मासोळी वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभी राहते. पोहत असते पण जागची हलत नाही. पानांतून पडलेले उन्हाचे ठिपके त्यांच्या पाठीवरून पुढेमागे सरकत होते. ठिपका कुठला आणि मासोळी कुठली ते कळत नव्हतं. वारा आला की झाडांच्या सावल्या हलायच्या आणि वाटायचं, पाणी थांबलं आहे आणि बागच हळूहळू वाहत चालली आहे, आम्हाला सगळ्यांना घेऊन.

कौसल्यामाय पाटात पाय सोडून बसली होती. मी तिच्या शेजारी. गुलाबभाऊ एका झाडाखाली झोपला होता. बोटुकल्या आमच्या पायांच्या बोटांना तोंड लावून जायच्या. त्यांच्या पोटातलं सगळं निघून चाललं होतं, पाणी ते पुढे नेत होतं, लुगड्यातून गाळून झाडांच्या आळ्यांत. मला झोप लागली असेल. डोळे उघडे होते की मिटलेले ते माहीत नाही, कारण दोन्हीकडे तेच दिसत होतं.

"सगुणाबाई," कौसल्यामाय म्हणाली.

"हं."

"माह्यामुळं तं गेलं सारं."

"गेलं नाई अजून. अन गेलं तं दोघीमुळं."

तिला धीर द्यावा असं मला वाटलं नाही. चूक दोघींची होती, ती वाटून घेतली, झालं.

वामनराव येऊन मेलेल्या पिशव्यांजवळ उभा राहिला. मेलेल्या बोटुकल्या फार होत्या. तो म्हणाला, "फेकू नका. आळ्यात पुरा. झाडाले लागतीन." बायांनी कुदळी घेतल्या. म्हाताऱ्याने माळ सदऱ्याच्या आत घातली आणि स्वतः खड्डा उकरायला बसला.

दिवस कलला तेव्हा रपट्यावरचं पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं. आता नवी अडचण. हवेचं सिलिंडर केंद्रावर राहिलं होतं. पिशव्यांत परत भरायला हवा नव्हती. साहेब म्हणाले, हवेशिवाय पाऊण तासाच्या वर नाही टिकणार.

"हवा काहाले पाह्यजे?" कौसल्यामाय उठून म्हणाली. "पिशव्या तं आता आल्या. माहा बाप हंड्यात न्यायचा."

तिने दाखवलं. पिशवी काढून टाकायची, उघड्या डब्यात पाणी घ्यायचं, त्यात थोड्याच बोटुकल्या ठेवायच्या आणि वाटभर हाताने पाणी हलवत राहायचं. वरच्या वर फटके मारायचे नाहीत, खालून वर उचलून सोडायचं, दूध निववतात तसं. हात थांबला की मासोळी मेली. साहेबांनी पुस्तकात वाचलं होतं की जुने लोक असं करत, पण पाहिलं नव्हतं. डबे तीस आणि आम्ही चौघे, त्यात गुलाबभाऊचे हात स्टिअरिंगवर. निंदणाऱ्या सहा बाया वामनरावाकडे बघायला लागल्या.

"जा," तो म्हणाला. "पन याईले परत कसं आनान?"

"मी आणून सोडतो," गुलाबभाऊ म्हणाला. "बाया हायेत, बोटुकल्या नाई. पोट भरून आणीन."

कौसल्यामायसुद्धा हसली.

बोटुकल्या गोळा करताना काही हौदाच्या तळाशी राहिल्या. मी हौद घासून देते म्हटलं तर वामनराव म्हणाला, "राहू दे. घासशील तं त्या मरतीन."

गाडी हळू चालली. मागे आम्ही आठ बाया आणि साहेब, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना डबे, हात आळीपाळीने एका डब्यातून दुसऱ्यात, कोपरापर्यंत पाण्यात. कोणी बोलत नव्हतं. बोलायला गेलं की हात मंदावतो. हात उचलायचा, सोडायचा, उचलायचा, सोडायचा. थोड्या वेळाने हात आपला राहत नाही. डाव्या हातात काय चाललं आहे ते उजव्याला कळत नाही. बोटांमधून काहीतरी थंड, जिवंत सरकून जातं आणि आपल्याला वाटतं, आपलीच बोटं सुटून पोहायला लागली आहेत. दोन्हीकडून कपाशी, संत्री, परत कपाशी जात होती. सांजेचं पिवळं ऊन डब्याडब्यांत हलत होतं. साहेबांच्या शर्टाच्या बाह्या भिजून गळत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. मी कान दिला, ते एक-दो, एक-दो मोजत होते.

तलावावर ढिवरांची माणसं काठावर उभीच होती. सकाळपासून. इतका उशीर का झाला ते कौसल्यामायने गाडीतूनच ओरडून सांगितलं, मलिद्यासकट. तिचा पुतण्या काहीतरी बोलायला लागला. ती म्हणाली, "मंग बोल. आधी डबे घे."

डबे काठाशी पाण्यात टेकवले. तलावाचं पाणी थोडं थोडं आत घेतलं, मग डबा तिरपा केला. ओतायचं नसतं. बोटुकली आपल्या मनाने बाहेर जाते. आधी एक जाते, डब्याच्या काठाशी थांबते, जणू उंबरठा आहे. मग तिच्यामागे सगळ्या जातात आणि डब्यात नुसतं पाणी राहतं. अंधार पडायच्या आत सगळे डबे रिकामे झाले. काही बोटुकल्या तळाशीच पडून राहिल्या, त्या काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. काठाजवळ लहान जाळं ओढलं. जाळ्यात बोटुकल्या आल्या, फार नाही, पण आल्या, उड्या मारत. त्यांनी कागदावर सही केली. तलाव ढिवरांकडे राहिला.

दुबेसाहेबांनी आपल्या कागदावर सगळं खरं लिहिलं, माझं नावसुद्धा. मला दोन महिने कामावर घेतलं नाही. बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असते तर तीन महिने घेतलं नसतं. नंतर परत बोलावलं आणि मी त्या केंद्रात आणखी बरीच वर्षं काढली. दर साली पिशव्या भरायच्या दिवशी मी हाप्याजवळ खाट टाकून बसायची आणि कोणाच्याही पदराला गाठ दिसली की आधी ती सोडायला लावायची. बाया चिडायच्या. चिडू दे.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ढिवरांनी पहिल्यांदा मोठं जाळं ओढलं तेव्हा मला बोलावणं आलं. मी गेले. वीस-बावीस माणसं दोर धरून काठाकाठाने येत होती. जाळं जवळ आलं तसं पाणी आधी नुसतं थरथरलं, मग फुटलं. किलोकिलोच्या मासोळ्या चिखलात उड्या मारत होत्या. पोरीबाळी ओरडत होत्या. कौसल्यामाय एकेक मासोळी उचलून, तोंडावरून जात ओळखून, टोपलीत टाकत होती. अर्धी टोपली झाल्यावर ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मीही तेच पाहत होते.

कतला पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात खाते, मृगल तळाशी. मलिदा त्या सकाळी वर तरंगत होता.

दुपारपर्यंत जाळं तीनदा ओढलं. रोहू जगली होती, मृगल जगला होता. कतला एकही निघाला नाही.